बाहेरची केतकी

बायकोच्या नावानं धडकी भरणारे नवरे पुष्कळ असतात, पण बायकोचं नाव घेतल्यावर खरोखरीची फिट येणारा नवरा डॉक्टर नसीम तांबोळी पहिल्यांदाच पाहत होत्या. मकरंद जोगळेकर मिरजेच्या त्या हॉस्पिटलात उशीला टेकून बसला होता. समोर त्याची बायको ऋजुता. त्यानं तिच्याकडे बघितलं, ओळखीचं हसला, “केत—” एवढंच म्हणाला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. उजवा हात पलंगाच्या कठड्यावर थाडथाड आपटायला लागला. नर्सनं धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं तो घोरायला लागला.

“पुन्हा तेच,” डॉक्टर व्हरांड्यात येऊन म्हणाल्या. “पाणी म्हणतात, पेपर म्हणतात, इडली नको म्हणतात. माझं आडनावसुद्धा नीट घेतात. तुमचं नाव आलं की मात्र अडतात.”

“माझं नाव ऋजुता आहे, डॉक्टर.”

“हो, पेपरवर तेच आहे. मग हे केतकी?”

“सासरचं. लग्नात बदललेलं.”

डॉक्टर तरुण होत्या. त्यांच्या पिढीला ही गोष्ट ऐकीव होती, त्यामुळे ऋजुताला सगळं नीट सांगावं लागलं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, मग पेढे वाटतात. ऋजुताच्या लग्नापर्यंत ही पद्धत निम्मीशिम्मी उठलीच होती. ती स्वतः पुण्यात प्रोग्रॅमर, चांगली कमावती. ऑफिसात एखाद्या गोष्टीचं नाव बदलायचं तर ती चार जणांची परवानगी मागायची, पण स्वतःचं नाव बदलताना ती नुसती हसली होती. हौस आहे ना त्यांची, होऊ दे. कागदोपत्री ऋजुताच राहीन, एवढी अट तेवढी घातली. मकरंदनं मान खाली घालून तांदळात ‘केतकी’ लिहिलं आणि सासूबाईंना रडू कोसळलं.

ते नाव पुढं तिला आवडायला लागलं ते मात्र निव्वळ मकरंदमुळे. बोलायला तो तसा कंजूष माणूस. ‘केतकी’ म्हणताना मात्र त्याचा आवाज ओला व्हायचा. ‘के’ जरा लांबवायचा, जणू हाक मारावी की नको असा विचार करून मग मारायचा. भांडण झालं तरी त्या हाकेनं ती विरघळायची. गेल्या पावसाळ्यात त्याला पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि घरात ती हाक ऐकू येईनाशी झाली. मेंदूत यंत्र बसवायच्या संमतीपत्रावर तिनं सही केली ती तेवढ्यासाठी. बाकी पाणी-पेपर त्यानं खुणेनं मागितलं असतं तरी तिचं काही अडत नव्हतं.

ते यंत्र म्हणजे ‘सेतू’. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा काही चकत्या मेंदूच्या सालीखाली ठेवतात. आपल्या ओळखीचं प्रत्येक माणूस आपल्या डोक्यात पेशींची एक जुडी होऊन राहतं. कोथिंबिरीच्या जुडीसारखंच म्हणा ना. त्या माणसाचा चेहरा, त्याचा वास, त्याच्याशी झालेली भांडणं, सगळं त्या जुडीत. आणि जुडीभोवतीचा दोरा म्हणजे त्याचं नाव. दोरा ओढला की अख्खी जुडी हातात येते. पक्षाघातात मकरंदच्या जुड्या शाबूत राहिल्या होत्या, दोरे तुटले होते. सेतू ते दोरे नव्यानं बांधायचा. आणि मकरंदच्या बाबतीत त्यानं ते सुरेख बांधले होते, एक सोडून.

“एका दोऱ्याला दोन जुड्या अडकल्या असाव्यात,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन्ही एकदम ओढल्या जातात आणि पेशी भडकतात. आतून बघायला हवं. सेतूच्या कंपनीचा माणूस सोमवारी येईल.”

“कशानं बघणार?”

“झरोका म्हणून त्यांचं एक…”

“डिबगर,” ऋजुता म्हणाली. तिच्या थकलेल्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. “अहो, नाव ऐकल्यावर ते कुणाचं, हे ठरवणारा त्याचा भाग आम्ही लिहिलाय. म्हणजे त्याच्या आजोबाचा, आमच्या जुन्या डिबगरचा. झरोका त्याच घरातला.”

आणि ते खोटं नव्हतं. ऋजुतानं उभी नोकरी डिबगर बनवण्यात घालवली होती. डिबगर म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावायचं साधन. थांबवायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे ‘संख्या’ नावाचं जे काही आहे, त्याची किंमत आत्ता काय? विचारणं सोपं, उत्तर देणं अवघड. कारण एका प्रोग्रॅमात ‘संख्या’ नावाच्या दहा गोष्टी असतात, जसे एका गावात दहा पाटील. त्यातली कुठली सांगायची? त्याचा नियम जुना आणि साधा आहे. प्रोग्रॅम जिथं थांबलाय तिथं आधी बघायचं. तिथं नसेल तर एक उंबरा ओलांडून बाहेर, मग आणखी बाहेर. घरात उभं राहून ‘बाळू’ अशी हाक मारली तर घरातला बाळू ओ देतो. शेजारच्या आळीतला बाळू हवा असेल तर तसं सांगावं लागतं. कंपनीनं झरोक्याची मराठी केली तेव्हा जवळच्याला ‘आतला’ आणि लांबच्याला ‘बाहेरचा’ असे शब्द ठेवले. नाव बाईचं असेल तर आतली आणि बाहेरची. भाषांतर करणाऱ्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचला नसावा, किंवा सुचून गंमत वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद चहा घेत होता. बशीत ओतून, फुर्र आवाज करत, अगदी घरच्यासारखा. ऋजुता त्याच्या मागं, त्याच्या नजरेआड, झरोक्याच्या पडद्यासमोर बसली होती. डॉक्टर त्याच्याशी चहाबद्दलच बोलत होत्या. साखर बरोबर आहे का, आलं जास्त झालंय का. ऋजुतानं टाइप केलं: केतकी.

पडद्यावर जुडीतले शब्द उमटले. चहा, चष्मा, रागावणे, कोथरूड, गुडघा, आईचं औषध.

ऋजुता खुदकन हसली. रागावणे तिसऱ्याच नंबरला! आणि गुडघा तिचाच, डावा, दोन वर्षं कुरकुरणारा. हीच मी. म्हणजे दोरा बरोबर जुडीला बांधलेला होता. मग अडतंय कुठं? सवयीनं तिनं पुढचा प्रश्न टाकला. कुठल्याही नावाला विचारून घ्यायची तिची रीतच होती. केतकी, सगळ्या.

दोन ओळी आल्या.

आतली: चहा, चष्मा, रागावणे, कोथरूड, गुडघा, आईचं औषध.

बाहेरची: सायकल, कुरुंदवाड, घाट, पांढरी रिबन, हसणे, ताप.

ऋजुतानं ती दुसरी ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिला सायकल येत नव्हती. कुरुंदवाड मकरंदचं गाव खरं, पण तिथल्या घाटावर ती लग्नानंतर पूजेला म्हणून एकदा गेली होती तेवढीच. रिबन तिनं शाळा सुटल्यापासून बांधली नव्हती. शेजारी दोऱ्याची जाडी दाखवणारी रेघ होती. बाहेरचीची रेघ आतलीच्या दुप्पट जाड. जुना, पक्का, पुन्हा पुन्हा ओढून मऊ झालेला दोरा.

पलीकडे मकरंद फुर्र करून चहा पीत होता आणि आलं बरोबर पडलंय असं सांगत होता.

ती उठून बाहेर गेली आणि तिनं मकरंदच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. अक्का कुरुंदवाडातच राहायच्या. सत्तरी उलटली होती, आवाज मात्र खणखणीत.

“अक्का, केतकी कोण?”

“अगं, असं काय विचारतीस? तूच की!”

“दुसरी.”

पलीकडे कुणीतरी धुणं आपटत होतं ते ऐकू आलं.

“कोण बोललं तुला?” अक्कांनी विचारलं.

“म्हणजे आहे.”

“आहे कुठली, गेली बिचारी. बापटांची केतकी. आपल्याच गल्लीत राहायची. दोघं एका वर्गात, जाणं-येणं एकत्र. लग्न ठरल्यासारखंच होतं बघ. तिला मेंदूत ताप चढला आणि बघता बघता गेली. हा वर्षभर जेवला नाही धड. लग्न म्हटलं की उठून जायचा. मग तुझं स्थळ आलं.”

“आणि माझं नाव कुणी काढलं?”

“त्यानंच. आईला म्हणाला, लग्नाला तयार आहे, पण सुनेचं नाव केतकी ठेवायचं. आई म्हणाली, असू दे, उभा राहतोय हेच खूप झालं.”

“म्हणजे त्यानं ताटात नाव लिहिलं तेव्हा तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?”

“सगळ्यांना म्हणजे… घरातल्यांना. आई रडली नाही का तेव्हा?”

रडल्या होत्या. ऋजुताला वाटलं होतं, सून आली म्हणून आनंदानं. तिनं शालूत खोचलेला स्वतःचा नवा रुमाल काढून त्यांना दिला होता आणि सगळ्या बायकांनी कौतुक केलं होतं. काय गुणाची पोर, आल्या आल्या सासूचे डोळे पुसतीय! सगळ्याजणी उभ्या होत्या तिथं, सगळ्याजणींना माहीत होतं, आणि एकीनं चकार शब्द काढला नाही.

“अक्का, इतकी वर्षं झाली. एकदा तरी सांगायचंत.”

“सांगून काय करणार होतीस गं? आणि तुला काही कमी पडलं का? सोन्यासारखा संसार केला की त्यानं.”

ऋजुतानं फोन बंद केला. संसार केला हे खरंच. पण कुणाशी? ‘केतकी, बाहेर ये, चंद्र बघ’ असं गच्चीवरून ओरडायचा तेव्हा तो कुणाला बोलवत होता? दवाखान्यात तिच्या उशाशी बसून ‘केतकी, बरी हो’ म्हणाला तेव्हा कुणाला? आवाज ओला व्हायचा तो कुणासाठी? आयुष्यभरातली एकेक हाक तिला आठवायला लागली आणि प्रत्येक हाकेला आता तोच प्रश्न चिकटला. तिला राग आला. असा राग तिला कधीच आला नव्हता. तिच्या अंगावर दुसरीचं लुगडं घालून तिला मिरवलं होतं, आणि तिनं ते हौसेनं मिरवलं होतं.

दुपारी डॉक्टर तांबोळींनी तिला खोलीत बसवून नीट समजावलं. हे असंच राहिलं तर फिट वाढत जाणार. मग सेतू काढावा लागेल आणि मकरंदची वाचा कायमची जाईल. ते टाळायचं तर एका नावाला एकच जुडी हवी.

“सगळ्यात सुरक्षित मार्ग सांगू का?” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या जुडीला दुसरं नाव देऊया. ऋजुता आहेच की. रोज थोडा सराव, महिन्याभरात ते तुम्हाला ऋजुता म्हणायला लागतील. कुणाचं काही जाणार नाही.”

“नाही.”

“मॅडम, शांतपणे विचार करा.”

“एकदा बदललं तेवढं पुरे. ती काही वर्षं केतकी होती, मी जन्मभर आहे. नाव माझं आहे. तिचा दोरा सोडवा.”

“तसंही करता येतं. आठवणी पुसल्या जात नाहीत त्यानं. जुडी सुटली की तिच्यातल्या पेशी उरलेल्या जुडीकडे सरकतात. एक-दोन दिवसांत तिच्यात मिसळून जातात.”

“मिसळून म्हणजे?”

“म्हणजे सायकलची आठवण राहील त्यांना. फक्त तिच्यावर बसलेल्या तुम्ही दिसाल.”

हे ऐकून खरं तर कुणीही दचकावं. ऋजुताला ते आवडलं. खोटं कशाला बोला, मनातल्या मनात तिला गुदगुल्या झाल्या. पांढरी रिबन बांधून ती कुरुंदवाडच्या घाटावरून सायकल दामटतेय आणि मकरंद मागून धावतोय! चोरलेलं सगळं व्याजासकट परत येत होतं.

“त्यांना एकदा विचारायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

“काय विचारणार? कुठली केतकी हवी? नाव काढलं की फिट.”

“मग सोमवारपर्यंत तरी थांबूया. कंपनीचा माणूस…”

“आणि तोवर मोठी फिट आली तर? डॉक्टर, ती पोरं मी लिहिलेलं वाचून शिकलीत. मी करते.”

डॉक्टरांनी झरोका तिच्या हवाली केला. ऋजुता पेशंटची बायको होती, सहीचा अधिकार तिचा होता, आणि झरोका तिच्याइतका त्या हॉस्पिटलात कुणाला कळत नव्हता. शिवाय त्या वाटेनं गेलं तरी पेशंट बोलणार होता.

काम लगेचच सुरू झालं. दोरा सोडवताना पेशंट जागा लागतो आणि त्याचं मन शांत लागतं. आताच्या ताज्या आठवणी पक्षाघातात दुखावलेल्या असतात, जुन्या मात्र दगडासारख्या पक्क्या. म्हणून अशा वेळी पेशंटला लहानपणात नेऊन बसवायचं, अशी पद्धत. डॉक्टर मकरंदच्या उशाशी बसल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या.

“काका, शाळेला कसे जायचात तुम्ही?”

“घाटावरनं,” मकरंद डोळे मिटून म्हणाला. “नदीला पाणी असलं की… वरच्या वाटेनं.”

“कोण कोण असायचं बरोबर?”

मकरंदच्या ओठांवर हसू आलं. डॉक्टरांनी घाईनं विषय बदलून शाळेतल्या मास्तरांबद्दल विचारलं, मग पोहण्याबद्दल. तो सांगत राहिला. त्याचा चेहरा इतका निवांत झाला होता की तो साठीचा आहे हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

ऋजुता मागं पडद्यासमोर बसून होती. तिनं त्याचा चेहरा बघितला नाही. बघायचाच नव्हता. तिनं टाइप केलं: केतकी, बाहेरची. ‘बाहेरची’ लिहिताना तिनं ते अक्षर न् अक्षर चावून लिहिलं. मराठी बाई तो शब्द ज्या अर्थानं आणि ज्या तोंडानं म्हणते, अगदी त्याच अर्थानं. घरात घुसलेली, दुसऱ्याच्या नवऱ्यावर हक्क सांगणारी. मेली तरी न गेलेली.

झरोक्यानं विचारलं: केतकी (बाहेरची). नाव सोडवायचे?

एरवी ऋजुतानं ‘सगळ्या’ विचारून यादी पुन्हा डोळ्याखालून घातली असती. पण यादी तिला तोंडपाठ होती. सायकल, कुरुंदवाड, घाट, रिबन. ती ओळ पुन्हा वाचायची तिला इच्छा नव्हती.

तिनं ‘होय’ दाबलं.

पडद्यावरची एक रेघ बारीक होत गेली आणि मिटली. मकरंदला काहीच कळलं नाही. तो नदीत सूर मारायची गोष्ट सांगता सांगता झोपी गेला. डॉक्टरांनी ऋजुताचा खांदा दाबला. ऋजुता हॉस्पिटलजवळच्या मुक्कामाच्या खोलीवर गेली आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी तिनं त्याला आवडणारी मोरपंखी साडी नेसली आणि हॉस्पिटल गाठलं. व्हरांड्यातच तिला त्याचा आवाज आला. स्पष्ट, न अडखळता, ‘के’ किंचित लांबवून.

“केतकी आली नाही का अजून?”

ऋजुताचे डोळे भरून आले. ती दारातच थांबली. आत डॉक्टर तांबोळी दोन्ही अंगठे वर करून तिला दाखवत होत्या. फिट नाही, थरथर नाही, हात कठड्यावर शांत पडलेला.

“आले की रे,” म्हणत ती आत गेली.

मकरंदनं तिच्याकडे बघितलं. त्यानं पायांवरचं पांघरूण सारखं केलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसला.

“या ना,” तो म्हणाला. “बसा. आपण कोण?”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. “मकरंद, पुरे हं.”

“माफ करा, मी ओळखलं नाही. आजारपणामुळं होतं असं. तुम्ही केतकीच्या ऑफिसातल्या का?”

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून त्यानं तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. भांडणातही नाही. ऋजुता वळली आणि झरोक्यापाशी गेली. नाव टाइप करताना तिला तीनदा खोडावं लागलं. केतकी, सगळ्या.

एकच ओळ आली. सायकल, कुरुंदवाड, घाट, पांढरी रिबन, हसणे. आणि त्यापुढं, नव्यानं येऊन चिकटलेले: चहा, कोथरूड, आईचं औषध.

तिनं कालच्या कामाची नोंद उघडली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक छोटा मजकूर होता. तो तिथं कायमच असतो, आणि तिच्या हाताखालच्या प्रत्येक नवख्याला ती पहिल्या दिवशी तोच आधी वाचायला सांगायची. थांबलेले ठिकाण: कुरुंदवाड.

काल सकाळी चहा पिताना तो चालू दिवसात उभा होता. तिथून ऋजुता आतली आणि ती मुलगी बाहेरची. दुपारी डॉक्टरांनी त्याला बोट धरून घाटावर नेऊन उभं केलं होतं. घाटावर उभं राहिल्यावर आतली कोण? आणि बाहेरची कोण?

झरोक्याला मराठी बायकांचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यानं फक्त अंतर मोजलं होतं. ऋजुतानं स्वतःच्या हातानं स्वतःला सोडवलं होतं.

डॉक्टरांना ओळ वाचून कळायला जरा वेळ लागला. कळलं तशा त्या पडद्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसल्या.

“परत बांधा,” ऋजुता म्हणाली.

“नाही बांधता येत, मॅडम. जुडीच उरलेली नाही. रात्रीत सरकली सगळी. आणि त्याच नावाला पुन्हा दोघी बांधायच्या म्हटल्या तर फिट…”

“दुसरं नाव द्या. तुम्ही म्हणाला होतात.”

“तेव्हा तुमची जुडी होती.” डॉक्टर म्हणाल्या. “आता नवी ओळख करून देता येईल. नव्या माणसासारखी. आजपासूनची.”

“आणि आधीचं?”

डॉक्टरांनी पलंगाकडे बघितलं. मकरंद पाहुण्याशी कसं वागावं हे न कळल्यासारखा अवघडून हसत होता.

“खुर्ची घ्या ना,” तो म्हणाला. “उभ्या का? केतकी येईलच इतक्यात. रोज येते. माझ्यासाठी फार केलंय हो तिनं.”

ऋजुता खुर्चीत बसली.

“आम्ही एका गल्लीतले,” मकरंद सांगू लागला. इतकं सलग तो गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही कधी नाही. “आमचं लग्न ठरवून नाही झालेलं. शाळेपासूनचं आमचं. मग पुण्याला गेलो. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली, तर हिनं रजा काढून तिचं सगळं केलं. आई हिच्या हातूनच औषध घ्यायची, माझ्या हातून घ्यायची नाही.”

ते औषध कडू होतं आणि ऋजुता ते मधात कालवायची. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा हात तिच्याच हातात होता. मकरंद ते सगळं बिनचूक सांगत होता. मधसुद्धा.

“दिसायला कशी आहे केतकी?” तिनं विचारलं. का विचारलं, ते तिलाच कळलं नाही.

मकरंदचा चेहरा उजळला. “दोन लांब वेण्या. पांढरी रिबन बांधते अजून. या वयात! मी चिडवतो तिला. आणि हसायला लागली की थांबत नाही.” तो जरा पुढं झुकला. “तुम्ही थांबाच. भेटून जा तिला. तुमचं छान जमेल तिच्याशी.”

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर तांबोळी तोंड फिरवून बाहेर निघून गेल्या. ऋजुताच्या लक्षात आलं की आपण रडत नाही. रडायला जे लागतं तेसुद्धा आत कुठं सापडत नव्हतं. समोर तिचा नवरा बसला होता, तिच्याच आयुष्याबद्दल भरभरून बोलत होता, त्याचा आवाज ओला झाला होता, आणि त्या सगळ्यात ती कुठंच नव्हती. उठून गेली तर हे ऐकायलाही मिळणार नव्हतं.

तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. जन्मात तिनं मकरंदला कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं.

“अहो, सांगा ना,” ती म्हणाली. “अजून सांगा तिच्याबद्दल.”

मकरंद खूश झाला आणि पहिल्यापासून सांगू लागला.